चार नंबरकडे उरलेला शब्द

१४ मार्च

चि. भोंगू यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर कोणाचं हे लक्षात आल्यावर पत्र मिटून ठेवावंसं वाटेल. तसं करू नकोस. निदान बाबांच्या तब्येतीचं तेवढं वाच, मग तुझी मर्जी.

तब्येत अशी आहे. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. उजवा हात आणि उजवा पाय अजून साथ देत नाहीत. भूक चांगली लागते. दाढी मी करते. मिशी एका बाजूला जरा वर जाते, पण आरसा दाखवला तर हसतात, म्हणजे चालत असावी. माणसं ओळखतात, बोललेलं सगळं समजतं. स्वतः मात्र बोलू शकत नाहीत. एक शब्द सोडून. त्या शब्दासाठीच हे पत्र आहे.

तुला भोंगू म्हटलं म्हणून राग मानू नकोस. पाळण्यात असताना तू जहाजाच्या भोंग्यासारखा रडायचास म्हणून बाबांनी ठेवलेलं ते नाव. या घरात तुझा विषय निघतो तो याच नावाने. मी दुसऱ्या कुठल्या नावाने लिहायला बसले असते तर मला पहिली ओळसुद्धा सुचली नसती.

पत्ता काकांनी दिला. फोन नंबरही दिला होता. पण फोनवर माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर मी काय करणार? पत्र निदान टेबलावर पडून राहतं.

रविवारी तू फोन केलास. मी उचलला. तू म्हणालास, "बाबांना द्या." मी रिसीव्हर त्यांच्या डाव्या कानाशी धरला. तू बराच वेळ बोलत होतास. काय बोललास ते मला ऐकू आलं नाही, मी मुद्दामच कान लांब ठेवला होता. पण त्यांचा चेहरा दिसत होता. ते श्वास रोखून ऐकत होते. आणि तुझं बोलणं थांबल्यावर ते म्हणाले, "ओव्हर."

मग तू फोन ठेवलास.

तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. पाच वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते तुला म्हणाले होते की आपलं बोलणं संपलं. तू पिशवी खांद्यावरून उतरवलीही नव्हतीस. आणि आता एवढ्या वर्षांनी तू आपण होऊन फोन करतोस, मन मोकळं करतोस, तर पलीकडून पुन्हा तेच, तेही एका इंग्रजी शब्दात. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता.

पण भोंगू, त्यांनी संपलं असं म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे आता तेवढा एकच शब्द आहे.

झटका आला तेव्हा ते चहा पीत होते. कप कलंडला, मला वाटलं हात सटकला. "असू दे, मी पुसते," म्हटलं आणि फडकं आणायला वळले. परत येऊन पाहते तर तोंड वाकडं आणि डोळे माझ्यावर. दवाखान्यात पहिले काही दिवस नुसता घशातून आवाज यायचा. मग एका सकाळी नर्स नाडी बघत होती, तिला स्पष्ट म्हणाले, "ओव्हर." उच्चार खणखणीत, पूर्वीसारखा. नर्सने मला हाक मारली, मी धावत गेले, वाचा परत आली म्हणून आम्ही दोघी हसलो. पाणी हवं का विचारलं. "ओव्हर." दुखतंय का? "ओव्हर." तुमचं नाव काय? "ओव्हर." तेव्हा आमचं हसणं जागच्या जागी राहिलं.

डॉक्टरांनी समजावलं की असं होतं. मेंदूच्या ज्या भागातून बोलणं येतं त्याला इजा झाली की कधीकधी जन्मभर सवयीने तोंडात बसलेला एखादाच शब्द शिल्लक राहतो. कोणाकडे देवाचं नाव राहतं, कोणाकडे शिवी. तुझ्या बाबांनी टगबोटीवर सगळी नोकरी वायरलेस तोंडाशी धरून काढली. मोठमोठी जहाजं दोराने ओढून धक्क्याला लावायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओव्हर म्हणायचं. तो राहिला.

नंतर जो तो आपापल्या परीने अर्थ लावू लागला. काकांना वाटलं क्रिकेट. ते आले की "कितवी ओव्हर?" म्हणून टीव्ही लावायचे आणि दोघं भाऊ मॅच बघत बसायचे. मॅच नसली तर जुनी मॅच. व्यायाम करून घ्यायला येणारा माणूस म्हणे, त्यांना ओव्हर होतंय, जास्त ताण नको, आणि पाय अर्ध्यावर सोडून चहाची वाट बघत बसे. शेजारच्या वहिनी दारातून बघून गेल्या आणि जिन्यात म्हणाल्या, बिचारे सारखे सगळं संपलं, सगळं संपलं म्हणतात.

आणि मी? मला तरी कळायला हवं होतं. त्याच वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला बंदराच्या कंट्रोल रूममध्ये मीच बसत होते. हा शब्द जेवढ्या वेळा त्यांनी उच्चारला तेवढ्याच वेळा मी. तरी घरात, पलंगाशेजारी बसून ऐकताना मलाही तो संपलं असाच ऐकू यायचा. मी त्यांना म्हणायचे, "असं नका हो म्हणू." ते आणखी मोठ्याने म्हणायचे. मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

एक दिवस मी त्यांना नळाचं सांगत होते. मोरीतला नळ गळतोय, माणूस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, बादली भरून वाहते, असं काहीबाही. माझं हात पुसणं चालू होतं. ते थांबले, विचार केल्यासारखं केलं, आणि म्हणाले, "ओव्हर." मी फडकं खुंटीला अडकवलं. तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुन्हा म्हणाले, हळू. आणि का कोण जाणे, जुन्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "समजलं. उद्या पुन्हा फोन करते त्याला. ओव्हर."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. इतके दिवस कोणी दार वाजवत होतं आणि ते आज उघडलं. लगेच म्हणाले, "ओव्हर," मी उत्तर दिलं, ते पुन्हा म्हणाले. आम्ही नळावर कितीतरी वेळ बोललो. नळ गळतच होता.

तुला आठवत असेल तर बघ. वायरलेसवर दोघांना एकदम बोलता येत नाही. बटण दाबून बोलायचं, बोलून झालं की ओव्हर म्हणायचं आणि बटण सोडायचं. त्याचा अर्थ, माझं झालं, आता तू बोल, मी ऐकतोय. बोलणं खरंच संपलं की वेगळा शब्द असतो, आऊट. तो त्यांच्याकडे राहिलेला नाही.

तू पहिलीत असताना आईच्या फोनवरून कंट्रोल रूमला फोन केला होतास. दात पडला होता आणि बाबांना आत्ताच्या आत्ता सांगायचं होतं. मी नियम मोडला, फोनचा रिसीव्हर माइकला लावला. तू ओरडलास, "बाबा, माझा दात पडला. ओव्हर." समुद्रातून उत्तर आलं, "कुठला? वरचा की खालचा? ओव्हर." त्या वेळी तो शब्द तुला बरोबर कळत होता.

रविवारी तू फोन ठेवल्यानंतर त्यांनी रिसीव्हर कानावरून काढू दिला नाही. मी घ्यायला गेले तर डाव्या हाताने घट्ट धरला. तो टूं टूं आवाज ऐकत बसले. मध्येच आणखी एकदा म्हणाले. त्यांना वाटत होतं, तू विचार करतो आहेस.

तेव्हा एवढंच मागते. पुन्हा फोन कर. ते ओव्हर म्हणाले की बोल.

पाच वर्षांपूर्वी त्या दारात तू जे विचारलं होतंस त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

तब्येतीला जप.

आपली,
बाबांची देखभाल करणारी

&nbsp;

२ मे

चि. भोंगू यास आशीर्वाद.

पत्र पोचलं असेल. फोन आला नाही. तक्रार करत नाही, कामात असशील. फोन वाजला की ते मान वळवतात. आतापर्यंत बँक, गॅसवाला आणि चुकीचे नंबर.

इकडची खबर चांगली आहे. काठी घेऊन खिडकीपर्यंत जातात. वाचा शिकवायला एक मुलगी येते, फार गोड आहे, तोंडासमोर बोट धरून "हो" म्हणायला शिकवते. ते तिचं मन राखायला ओठ गोल करतात आणि ओव्हर म्हणतात. ती म्हणते, काका, तुम्ही मला चिडवताय. मला वाटतं खरंच चिडवतात. आता त्यांच्या सुरावरून मला बरंच कळतं. चहात साखर कमी असली तर शब्द वरून खाली येतो. संडासला जायचं असलं तर दोनदा, घाईघाईने. काका फार वेळ बसले तर माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे. कोणी तुझा फोटो पुसायला हातात घेतला तर इतका हळू की ऐकू येत नाही, नुसते ओठ हलतात.

गेल्या आठवड्यात मी कंट्रोल रूमला जाऊन आले. रिटायर झाल्यापासून गेले नव्हते. जिना तोच, खालच्या धक्क्यावरचा डिझेलचा वासही तोच. खुर्च्या नव्या, आणि माझ्या जागेवर एक तरतरीत मुलगी. तिला विचारलं की वायरलेसवरचं जुनं बोलणं तुम्ही रेकॉर्ड करून ठेवता ना, त्यात टग चार नंबरच्या कप्तानांचं काही सापडेल का. कशाला हवंय, असं तिने विचारलं नाही. तिने शोधलं, साहेबांना विचारलं, साहेबांनी वरच्यांना. रेकॉर्डिंग काही महिनेच ठेवतात, मग त्याच्यावरच नवं करतात. त्यांचं काहीच राहिलेलं नाही.

मला चहा दिला, बसवलं. तेवढ्यात स्पीकरवर आवाज आला, "बंदर, टग चार, ओव्हर." नवे कप्तान. आवाज चांगला होता, तरुण. मी चहा अर्धा टाकून उठले.

घरी सांगितलं नाही कुठे गेले होते ते.

आता जे लिहिणार नाही म्हटलं होतं ते लिहिते. कारण मी तुझ्याकडे उत्तर मागते आहे आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलेलं नाही. तू विचारलं होतंस, "आई असतानापासून चालू होतं का?" बाबांना राग आला, त्यांनी बोलणं तोडलं. मी ओट्यापाशी उभी होते. मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

तर ऐक. काही चालू नव्हतं. तुझी आई होती तोपर्यंत मी तुझ्या बाबांना समोरासमोर मोजक्या वेळा पाहिलं असेल, तेही पगाराच्या खिडकीशी. आमचं बोलणं म्हणजे कुठला धक्का रिकामा, वारा कुठून, भरती कधी. हे खरं आहे.

पण ड्युटीवर गेल्यावर चार नंबर बोलला की माझा दिवस सुरू व्हायचा, हेही खरं आहे. ते बंदर म्हणायचे तेव्हा ते मला हाक मारतात असं मी धरून चालायचे. बरोबरची बाई म्हणे, हिंदीत बंदर म्हणजे माकड, तुझं आपलं काहीतरीच. मी हसण्यावारी न्यायचे. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी कामात चुका करायचे. हे मी त्यांना लग्नानंतरसुद्धा कधी सांगितलं नाही, पहिल्यांदा तुला सांगते आहे. यात माझं काय चुकलं हे मला नक्की ठरवता आलेलं नाही. तू ठरव.

आणि तुझ्या आईचं. त्या रोज संध्याकाळी कंट्रोल रूमला फोन करायच्या, चार नंबर कुठवर आलेत, म्हणजे भात कधी लावायचा ते कळावं. मी त्यांना वहिनी म्हणायचे. आजारी पडल्यावर त्या पलंगावरून फोन करू लागल्या, तेव्हा भात त्या लावत नसणार. एकदा म्हणाल्या, "तुमच्याशी ते जेवढं बोलतात ना, त्याच्या निम्मंही घरात बोलत नाहीत."

मी म्हटलं, "वहिनी, ते मला फक्त धक्क्यांचे नंबर सांगतात हो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मला तेही सांगत नाहीत."

कडवटपणा नव्हता त्यांच्या बोलण्यात. खरंच हसल्या होत्या. पण त्यानंतर मी वायरलेसवर कामापुरतंच बोलू लागले, एक शब्द जास्त नाही. तुझ्या बाबांच्या ते लक्षात आलं असावं, कारण तेही तसेच बोलू लागले. वहिनी गेल्या त्या दिवशी टग चारवर दुसरे कप्तान होते. का, ते मला दुपारी कळलं. मी स्मशानात आले नाही, घरीही आले नाही. त्यानंतर कितीतरी काळ गेल्यावर त्यांनी एका संध्याकाळी जिन्याखाली उभं राहून मला विचारलं, तुमची ड्युटी कधी सुटते.

एवढंच आहे. यात लपवावं असं काही नाही आणि मिरवावं असंही काही नाही.

लग्न झाल्यावर या घरात यायला मला फार अवघड गेलं. भात लावताना मला दर वेळी त्या फोनची आठवण व्हायची. आणि तुला आवडो न आवडो, ते माझ्याशी घरातही फारसं बोलायचे नाहीत. समोर माणूस दिसला की त्यांचे शब्द आटत. मग मी एक युक्ती केली होती. मी स्वयंपाकघरात राहून हाक मारायची आणि ते बाहेरच्या खोलीतून उत्तर द्यायचे. मध्ये भिंत असली की बोलायचे, छान बोलायचे. ते बोलणं मला फार हवंसं होतं भोंगू. त्यासाठीच मी त्या दिवशी कंट्रोल रूमचा जिना चढून टेप मागायला गेले. एक वाक्य मिळालं असतं तरी चाललं असतं, धक्का नंबर सात रिकामा आहे एवढंसुद्धा.

तू फोन कर किंवा करू नकोस. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्यापाशी असू दे.

बाबांचा आशीर्वाद आहेच. तो त्यांच्या शब्दात कसा लिहायचा ते मला माहीत नाही.

तुझ्या आईच्या ओळखीची

&nbsp;

२० मे

चि. भोंगू,
आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत.

काल तुझा फोन ठेवल्यावर लगेच लिहायला बसणार होते, पण राहून गेलं. आज लिहिते.

मी उचलला तेव्हा तू नाव सांगितलं नाहीस. मला वाटलं बँक. मग तू म्हणालास, "त्यांच्या कानाला लावा, आणि लांब गेलात तरी चालेल." मी रिसीव्हर त्यांच्या हातात दिला, पाठीमागे उशी सारली आणि कपडे वाळत घालायला गच्चीत गेले. कपडे आधीच वाळत घातलेले होते. मी ते काढले आणि पुन्हा घातले.

तू काय बोललास ते मला माहीत नाही, आणि सांगू नकोस. मला त्यांची बाजू तेवढी ऐकू येत होती. पहिल्यांदा बराच वेळ काहीच नाही. मग एक ओव्हर, घाबरलेला. हातात चादर होती, ती तशीच धरून राहिले. आता टूं टूं वाजणार आणि ते ऐकत बसणार असं वाटलं. पण तू बोललास. मला तुझा आवाज ऐकू येत नव्हता, पण तू बोललास हे त्यांच्या पुढच्या ओव्हरवरून कळलं. तो वर गेला, प्रश्न विचारल्यासारखा. मग तू पुन्हा. मग ते.

नंतर ते चालूच राहिलं. किती सूर त्यांनी त्या एका शब्दाला लावले. मला वाटत होतं मला सगळे ओळखू येतात, पण यातले निम्मे मी कधी ऐकलेले नव्हते. एक तर दरडावल्यासारखा होता, वडील मुलाला दरडावतात तसा. तू काही उलट बोलला असशील. एकदा ते हसले. आजारपणानंतर त्यांचं हसणं म्हणजे खोकल्यासारखं येतं, पण हसलेच. आणि एकदा मध्येच नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. तूही गप्प असणार, कारण ते थांबून राहिले. मी डोकावून पाहिलं. डोळे मिटलेले होते आणि रिसीव्हर गालाशी धरला होता. मला वाटलं झोपले. झोपले नव्हते.

मी परत गच्चीच्या टोकाला गेले. रडले वगैरे नाही, तसं समजू नकोस. मला वाईटही वाटलं, हे लिहायला हवं. इतके महिने तो शब्द फक्त माझ्यासाठी आहे असं मी मनातल्या मनात धरलं होतं. मलाच तो कळतो याचा मला थोडा गर्व होता. काल तो तुझ्याकडे गेला आणि जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही. मग विचार केला की तो आधी तुझाच होता, आणि त्याच्याही आधी वहिनींचा असायला हवा होता.

थोड्या वेळाने आतून हाक आली. म्हणजे ओव्हर, पण मला बोलावण्याचा. मी गेले. त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे केला. मी मानेने नको म्हटलं. ते ऐकेनात. हात लांब करून धरूनच बसले, हात थरथरायला लागला तेव्हा मी घेतला.

तू होतास. आपण दोघं एकमेकांच्या ओव्हरची वाट बघत होतो. ती पद्धत तुझ्या बाबांची, पण आपल्यापैकी कोणाचंच आधी बोलून झालेलं नव्हतं. मग तू म्हणालास, "तुम्ही जेवलात का?"

मी हो म्हटलं. तू बरं म्हणालास आणि ठेवलास.

भोंगू, मी जेवले नव्हते. त्यांना भरवून झाल्यावर माझं ताट वाढून ठेवलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. तू विचारशील असं वाटलं नव्हतं, म्हणून उत्तर तयार नव्हतं. तुझा फोन ठेवल्यावर जेवले. भात गार झाला होता. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतला. ते खुर्चीतून बघत होते.

आज सकाळी मी एक काम केलं. तुझ्या खोलीत माझं शिवणयंत्र होतं. मी येताना आणलेलं, ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून त्यांनीच तिथे ठेवलं होतं. मला ते तिथे नेहमी टोचायचं, पण उचलायला दोन माणसं लागतात आणि बोलायला कारण लागतं. काकांना बोलावलं, आम्ही दोघांनी ते जिन्याजवळ आणून ठेवलं. काकांनी विचारलं, "येतोय का तो?" मी म्हटलं, तसं काही बोलणं झालेलं नाही. खिडकी उघडून झाडून घेतलं. पलंगावर माझ्या कापडांचे गठ्ठे होते ते कपाटावर गेले. तुझी पुस्तकं जागेवरच आहेत, त्यांना मी कधी हात लावला नव्हता. गादीला दोन दिवस ऊन देणार आहे. तू येतो म्हणाला नाहीस, मी विचारलंही नाही, आणि या पत्रातही विचारत नाही. खोली रिकामी आहे एवढंच कळवते.

बाबा काठी टेकत तिथपर्यंत आले, उंबऱ्याशी उभे राहिले. खोलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओव्हरसुद्धा म्हणाले नाहीत.

तुझ्या घरातून,
मी